चुन्यातली रेघ

अप्पांकडे मोटारसायकल घेऊन गेलं की आधी आपली बेअब्रू व्हायची, मग काम. साइड बॅगचं ब्रॅकेट तुटलंय एवढं सांगून आपण उभं राहायचं. ते ब्रॅकेटकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. दुकानासमोर ताडपत्री अंथरायचे आणि म्हणायचे, "बॅगा रिकाम्या करा." सगळ्या. बनियन, ओला टॉवेल, अर्धा चिवडा, बायकोला चोरून ठेवलेली सिगारेटची पाकिटं, जे काय असेल ते भर रस्त्यात मांडायचं. मग आतून तागडी यायची आणि डावीकडचं सामान एकदा, उजवीकडचं एकदा, असं भाजीसारखं तोललं जायचं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका बियाण्यांच्या कंपनीत होतो. आळंद, बसवकल्याण आणि औराद असे तीन तालुके माझ्या गळ्यात होते, आणि गाडीला दोन्ही बाजूंनी बॅगा. सोयाबीन-तुरीच्या नमुन्याच्या पिशव्या, पावतीपुस्तकं, पत्रकं. निंबर्ग्याहून येताना डावं ब्रॅकेट कडकन तुटलं आणि बॅग सायलेन्सरवर लोंबकळायला लागली. कुणीतरी सांगितलं, मुडबीच्या अलीकडे रस्त्यालाच एक म्हातारा वेल्डर आहे, ब्रॅकेट त्याच्यासारखं कुणी करत नाही, पण डोक्यानं जरा सरकलेला आहे. ते दोन्ही खरं निघालं.

"डावीकडं नऊ किलो, उजवीकडं चार," तागडी खाली ठेवत अप्पा म्हणाले. "डावीकडं सासर, उजवीकडं माहेर. एकीकडंच सगळं देत बसलास तर संसार मोडतोयच की. आनि मग लोखंडाला शिव्या द्यायलास." मी त्यांना काही बोललोही नव्हतो. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सरळ तू. त्या दिवसापासून मी त्यांचा 'बीवाला' झालो तो शेवटपर्यंत.

गेल्या पौषात अप्पा गेले. मातीला गावोगावची माणसं आली होती, हैदराबादहून मोटारसायकलवाले आले होते, सगळे चांगलंच बोलत होते. मी लांब बाभळीखाली उभा होतो. त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त मला माहीत आहे, आणि नेमकं तेच मला तिथं तोंड उघडू देत नव्हतं.

माणूस दिसायला काही खास नव्हता. काळा, काटकुळा, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. वेल्डिंगला बसायच्या आधी लिंगाचा करंडा पाठीवर टाकायचे आणि मगच रॉड पेटवायचे. मराठी बोलता बोलता कन्नडात जायचे, कुणी हैदराबादी आला की "हौ मियाँ, नक्को मियाँ" सुरू. पण नटबोल्ट आवळताना आकडे कायम कन्नडातच मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु, आणि तिसऱ्या आकड्याला हात थांबायचा. चौथा वेढा दिला की आटे मरतात म्हणायचे.

ब्रॅकेट ओझ्यानं तुटत नाही, हलण्यानं तुटतं, हे त्यांचं शास्त्र. आमच्या भागातले रस्ते आणि दर गावाला असलेले बिनरंगाचे स्पीडब्रेकर बघता त्यांना धंद्याची ददात नव्हती, पण त्यांना तीच गाडी परत आलेली खपायची नाही. डावं आणि उजवं ब्रॅकेट वेगवेगळं लोंबत असतं हा कंपनीचा गाढवपणा, म्हणून ते नंबर प्लेटच्या मागून एक आडवी सळई घालून दोन्ही जोडायचे. "भावाभावांनी हात धरला की दोघंबी टिकतेत." बोल्टखाली जुन्या ट्यूबचं रबर कापून घालायचे. आणि शेवटी प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची एक रेघ, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. त्याला ते कुंकू म्हणायचे. रोज सकाळी कुंकू बघायचं, सरळ असलं तर निघायचं, मोडलं असलं तर पाना काढायचा. आडदांड दाढीवाले रायडर मान खाली घालून ते ऐकायचे आणि पुढं कुठूनतरी कुंकवाचा फोटो पाठवायचे.

पण खरी भानगड वेल्डिंग झाल्यावर असायची. काम झालं म्हणून माणूस खिशात हात घालायचा, तर अप्पा म्हणायचे, "मुडबीला जाऊन ये. बॅगा भरून." सगळे स्पीडब्रेकर खात जायचं आणि तसंच परत यायचं. मग ते जोडावर आणि त्याच्या आजूबाजूला रॉकेल लावायचे, फडक्यानं कोरडं पुसायचे आणि पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून वर पातळ थापायचे. चहा होईपर्यंत चुना वाळायचा. लोखंडात कुठं केसाएवढी चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल बाहेर यायचं आणि पांढऱ्या चुन्यावर काळपट रेघ उमटायची. रेघ आली की सगळं परत. रेघ नाही आली की काळा रंग आणि रामराम.

एकदा हैदराबादचे पाच जण गोव्याला निघाले होते. त्यांच्यातल्या एकाला घाई. मुडबीला वगैरे जाणार नाही, मी काय खुळा आहे का, म्हणाला. अप्पांनी काही वाद घातला नाही. ग्राइंडर उचलला आणि स्वतःच केलेला ताजा जोड त्याच्या देखत सर्रकन कापून टाकला. "आता जावा. माझं काम माझ्याकडं राहिलं, तुमचं ब्रॅकेट तुमच्याकडं." तो माणूस आधी भडकला, मग बाकीचे हसायला लागले, मग तोही बसला. संध्याकाळपर्यंत पाची जणांची ब्रॅकेटं तपासून झाली होती, आणि त्यातल्या दोघांच्या, ज्यांची कसली तक्रार नव्हती त्यांच्या, चुन्यात रेघ निघाली. मला हा माणूस तेव्हा फार आवडला. महिन्यातनं दोन-तीनदा वाट वाकडी करून मी तिथं चहाला थांबायला लागलो.

अप्पांच्या डोळ्यांचं मला कळलं ते असंच बसलो असताना. रॉड जोडापासून बोटभर लांब पेटायचा. चीर नखानं चाचपायचे. पहिल्यांदा वाटलं, कसब आहे. मग एकदा चुना वाळला होता, त्यावर रेघ आली होती, चांगली ठळक, मला बाकड्यावरून दिसत होती. अप्पांनी ब्रॅकेट नाकाला लावून बघितलं आणि रंगाचा डबा ओढला.

"अप्पा, इथं हाय की रेघ."

"व्हय, तुझी परीक्षा बघायलतो," ते म्हणाले. पण रंगाचा डबा त्यांनी गुपचूप मागं सारला.

पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच सांगितलं. गुलबर्ग्याला एकटेच जाऊन दाखवून आले होते. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही, राहिलेली राहील याची खात्री नाही. मुलगा पुण्याला कंपनीत, घरी सून आणि नातवंडं. सुनेला कळलं तर ती मुलाला सांगणार आणि मुलगा दुकानाला कुलूप लावणार. "वेल्डिंग हाताला येतंय रे. हाताला आजून दिसायलंय. रेघेला तेवढे डोळे लागतेत. ते तू दे." मी म्हणालो, देतो. त्यात काय मोठं, असंच वाटलं मला.

तेव्हापासून अप्पांचा एक नवीन विक्षिप्तपणा सुरू झाला, असं लोकांना वाटलं. काम करून ठेवायचे आणि गाडी सोडायचेच नाहीत. उद्या या, परवा या. इकडे मला फोन, "बीवाल्या, कवा यायलास?" मी वीस-बावीस किलोमीटर गाडी हाणत जायचो, वाळलेल्या चुन्याकडे बघायचो, साफ आहे म्हणायचो आणि परत. सून म्हणायची, मामांचं तुमच्याशिवाय पानच हलत नाही. पहिले काही महिने मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, नंतर कंटाळा यायला लागला. अप्पांचं काम इतकं चोख, की दहातल्या दहा वेळा साफच असायचं. जे कायम साफच असतं त्याकडे माणूस किती बघणार?

त्या वर्षी जूनमध्ये एक बाई आल्या. सोलापूरकडच्या, पन्नाशीच्या, बँकेतली नोकरी सोडून एकट्याच मोटारसायकलवर फिरायला निघालेल्या. बीदर बघून परत चालल्या होत्या आणि डावं ब्रॅकेट निखळलं. अप्पांनी त्यांच्याही बॅगा ताडपत्रीवर रिकाम्या केल्या. बाई न लाजता स्वतःच एकेक वस्तू तागडीत टाकत होत्या. अप्पा खूश. अक्का, अक्का करून त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाई मुडबीला जाऊन आल्या. चुना लावला. बाई सुनेबरोबर आत चहा घेत बसल्या.

मी होतोच तिथं. पण पेरणीचे दिवस, बियाण्याचा ट्रक संतपूरला अडकलेला, आणि औरादचा दुकानदार फोनवर माझी आई-बहीण काढत होता. मी पत्र्याच्या सावलीत पाठमोरा उभा राहून त्याला समजावत होतो.

"बीवाल्या, बघ रे," अप्पांनी हाक मारली.

मी मान वळवली. दहा-बारा फुटांवर ब्रॅकेट होतं, पांढरंधोट, उन्हात. एक पाऊल पुढं टाकलं नाही मी.

"साफ हाय, अप्पा."

त्यांनी मान हलवली. काळा रंग मारला, ओंदु, एरडु, मूरु म्हणत बोल्ट बसवले, कुंकू लावलं. बाई त्यांच्या पाया पडल्या आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी अप्पांना बाईंच्या भावाचा फोन आला. घरापासून जवळच ब्रॅकेट तुटलं, बॅग मागच्या चाकात गेली आणि गाडी बाईंच्या अंगावर. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भाऊ भांडला नाही, रडतही नव्हता, फक्त तुटलेल्या तुकड्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, हे असं कसं झालं.

मी गेलो तेव्हा फोटोत काय आहे ते अप्पांना मलाच सांगावं लागलं. अप्पा बाकड्यावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"जोडाला तुटलंय का?"

"न्हाई. जोड शाबूत हाय. त्याच्या खाली, बोल्टाच्या भोकापाशी."

"तुटलेलं तोंड कसं दिसायलंय?"

"अर्धं काळं हाय. अर्धं चकचकीत."

 अर्धं काळं याचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता. ती चीर जुनी होती. गाडी आमच्या दारात आली तेव्हाच होती. त्यांच्या हातचा जोड नाही तुटला, शेजारची चीर आम्ही सोडली.

"मग रेघ आली पाहिजे होती," अप्पा म्हणाले. "तू बघितलास न्हवं?"

त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. दोन शब्दांचं काम होतं. माझ्या तोंडून आलं, "बघितलो, अप्पा. साफ होतं."

मला वाटलं, म्हातारा थोडे दिवस हळहळेल आणि विसरेल. मी त्यांना ओळखलंच नव्हतं. माझा शब्द त्यांनी खरा धरला, आणि बीवाला खरा तर चुना खोटा. चुना खोटा तर आजवर त्यावर भरवसा ठेवून सोडलेली सगळी कामं खोटी. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी ऑइलपेंटनं रायडरांचे नंबर लिहून ठेवले होते. सुनेला समोर बसवून एकेकाला फोन लावायला सांगितलं. "तुमचं ब्रॅकेट खोलून दुसरीकडं दाखवा. माझ्यावर इस्वास ठेवू नका." हैदराबाद, नांदेड, पुणे, कुठं कुठं. लोक म्हणायचे, अप्पा, काय झालं, आमचं तर उत्तम चाललंय. ते तेच वाक्य परत म्हणायचे आणि पुढचा नंबर लावायला सांगायचे. दुकान त्यांनी स्वतःच बंद केलं. डोळ्यांचं कुणाला कळायच्या आत.

मी जात राहिलो. का जात होतो, देव जाणे. गेलो की ते जुनी तुटकी ब्रॅकेटं घेऊन बसलेले असायचे. नखाला लागेल अशी चीर शोधायचे, कुठूनतरी मिळवलेलं रॉकेल, फडकं, चुना, आणि मला विचारायचे, "दिसायलीय का?"

"दिसायलीय, अप्पा."

"मग त्या दिवशी कामून न्हाई?"

कधी त्यांना चुन्याचा संशय यायचा, कंपन्या आता काय भेसळ करतात काय माहीत. कधी डिझेलचा. रेशनवरचं रॉकेल बंद झाल्यापासून ते डिझेल वापरत होते, त्या दिवशीही डिझेलच होतं, तर डिझेल चिरेत शिरत नसेल. मग डिझेल लावून बघायचं. रेघ यायची. "आलीय का?" "आलीय." मग दुसरं ब्रॅकेट ओढायचे. पुढं पुढं त्यांनी पान खायचं सोडलं. आयुष्यभराची सवय, पण चुन्याची डबी घरात नको म्हणाले. सून मला बाजूला घेऊन सांगायची, मामा जेवत नाहीत, तुम्ही तरी समजवा, तुमचं ऐकतात. मी त्यांना समजवायचो! माझ्यासारखा नालायक माणूस त्यांच्या शेजारी बसून, होतं असं कधी कधी अप्पा, म्हणायचो, आणि त्यांच्या सुनेच्या हातची शेंगाची चटणी आणि भाकरी खाऊन घरी यायचो.

अशी तीन वर्षं गेली. तोवर त्यांची नजर पूर्ण गेली होती. एक दिवस गेलो तर रंगाचा डबा आणि ब्रश तयार. म्हणाले, चल दुकानाकडे. मी हात धरून नेलं.

"ह्या शटरवर लिही. मोठ्या अक्षरात, रस्त्यावरनं वाचता आलं पाहिजे. इथलं जुनं काम कुणी खरं मानू नये." आणि खाली स्वतःचं नाव घालायला सांगितलं.

मी ब्रश बुडवला. 'इथलं' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. मागून त्यांनी विचारलं, "लिहायलास का?"

"अप्पा, मी त्या दिवशी बघितलोच न्हाई," मी म्हणालो. "फोनवर होतो. लांबूनच साफ हाय म्हणलो."

ते शटरला हात लावून उभे होते. मी थपडेची वाट बघत होतो, खरंच. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे रेघ आली आसंल," ते सावकाश म्हणाले.

"आली आसंल."

"म्हंजे चुना खोटा न्हाई."

तीन वर्षांत मी त्यांचा चेहरा असा सैल झालेला बघितला नव्हता. ते तिथंच पायरीवर बसले आणि दोनदा स्वतःशीच तेच म्हणाले. माझं काय, हे त्यांच्या मनातच नव्हतं. मग म्हणाले, "अक्काला सांगितलास का?" मी नाही म्हणालो. "लाव फोन."

बाईंनी उचलला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जसं अप्पांना सांगितलं तसंच. पलीकडं मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग बाई म्हणाल्या, "अप्पांना द्या."

अप्पांनी फोन कानाला लावला. "व्हय अक्का. व्हय. न्हाई, त्याचं एकट्याचं न्हाई. माझे डोळे गेलते, आनि मी तुमाला सांगितलो न्हाई. ते माझं हाय." नंतर बराच वेळ ते फक्त ऐकत होते. बाई काय म्हणाल्या ते मला आजही माहीत नाही. फोन परत देताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

मी त्यांना घरी आणलं. ओट्यावर बसवलं, शेजारी बसलो. ते आता मला काहीतरी बोलतील म्हणून थांबलो. सून नेहमीसारखी चहा घेऊन आली, दोन कप. त्या घरातून कुणी तसाच गेलेला मी कधी बघितला नव्हता. दारावर आलेल्या अनोळखी माणसालाही तिथं चहा आणि बसायला जागा मिळायची.

अप्पांनी हात पुढं करून ट्रे चाचपला. एक कप उचलला.

"दुसरा आत ने," ते सुनेला म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि कप घेऊन आत गेली. मी उठून पायात चपला घातल्या, आणि ते मला थांब म्हणाले नाहीत.